वाढत्या मुलाची खुर्ची

अध्यक्ष महाराज, आणि पावसात भिजत आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेत विषय छापलाय, ‘अपंग मुलांसाठी साधनं: वाढत्या शरीराचं गणित’. गणिताला एवढी गर्दी, म्हणजे एकतर तुम्हाला विषयाची कळकळ आहे, नाहीतर बाहेर पाऊस फार आहे. गणिताकडे येतो. त्याआधी एक खुर्ची.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पंचवीस वर्षं झाली असतील, सांगलीकडच्या एका गावात सहा वर्षांच्या मुलीसाठी मी माझी पहिली खुर्ची केली. मुलीला आपण छकुली म्हणू. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मान सावरत होती, पाठ सावरत नव्हती. खुर्चीचं वर्णन जरा सविस्तर करतो, त्याशिवाय माझा तेव्हाचा ताठा तुम्हाला कळणार नाही. मरीन प्लायवूड. डोक्यामागे टेकू, छातीला पट्टा, पावलांखाली फळी, मांड्यांच्या मध्ये ठोकळा, पुढे ट्रे. कंबर, गुडघा, घोटा, तिन्ही ठिकाणी नव्वद अंश. सुताराचा गुण्या लावून तपासले होते मी! टेम्पोतून नेली. गावानं नारळ फोडला.

तीन महिन्यांनी गेलो. खुर्चीवर गोधड्या. अगदी नीट घडी घालून. ट्रेवर रेडिओ. आणि छकुली? दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, जमिनीवर. बुडाखाली पाट, मांड्यांच्या मध्ये घट्ट गुंडाळलेलं चिरगुट. समोर आजी भाकरी थापत होती आणि पोरीच्या मुठीत पिठाचा गोळा होता. मी चिडलो. महिनाभर खपून केलेली वस्तू हो! आजी परातीवरचा हात न थांबवता म्हणाली, “खुर्चीत बसली की तिला माझी परात दिसत न्हाई. आन् मला तिचं त्वांड.”

आता तो पाट बघा. अशा मुलांच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. पाय लांब करून सपाट जमिनीवर बसवलं की ते कमरेला मागे ओढतात, पाठीला बाक येतो, हनुवटी छातीवर पडते. बूड चार बोटं वर उचललं आणि गुडघे जरा वाकू दिले, की ती ओढ सैल होते, कंबर पुढे येते आणि पाठ सरळ व्हायला लागते. कोपऱ्याच्या दोन भिंती खांदे पुढे ठेवतात, त्यामुळे हात समोर येतात. चिरगुट म्हणजे माझा ठोकळाच, फक्त मऊ. ही कोपऱ्याची बैठक थेरपीच्या पुस्तकांत आहे, हे मला नंतर कळलं. आजीला पुस्तक माहीत नव्हतं. मला तर दोन्ही माहीत नव्हतं. (उद्या कुणी घरच्या मुलाला पाटावर बसवायला धावू नका. ज्याची मान सावरत नाही त्याचं निराळं असतं. आधी थेरपिस्टला दाखवा.)

आपल्याकडे जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, अंगणवाडीत पोरं सतरंजीवर. त्यात ही एकटी खुर्चीत दीड फूट उंचावर, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी. मूर्तीशी कुणी भांडत नाही, तिच्या हातातला खडूही कुणी ओढत नाही.

विषयांतर होतंय, पण करतोच. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी पाय गमावलेल्यांसाठी रबरी पाऊल केलं, तेच जयपूर फूट. शर्मा म्हणजे कारागीर, त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. त्याआधीची परदेशी धाटणीची पावलं बुटासाठी होती. ती घालून उकिडवं बसता येईना, चिखलात अनवाणी जाता येईना. माणसं ती ठेवून पुन्हा कुबड्यांवर यायची. जयपूर फूटवर उकिडवं बसता येतं. आम्ही मुलांसाठी खुर्च्या करणाऱ्यांनी मोठ्यांच्या पायाकडून हे शिकायला हवं होतं. आणखी एक गोष्ट…

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’. सात उरली की सात जास्त झाली? उरली. बरं, गणित.

सहा ते बारा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. आज माप घेतलं आणि साधन आठ महिन्यांनी हातात पडलं, तर ते येतानाच तोकडं. अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, तिच्यात तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलाला एकच वर्ष. नियम शहाणा आहे. मधले महिने कुणाच्या हिशेबात नाहीत.

उत्तर एकच, स्वस्त करा आणि पुन्हा करा. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकानं पुठ्ठा, रद्दी आणि पिठाची खळ यांतून मुलांच्या खुर्च्या केल्या. मूल वाढलं, नवी चिकटवा.

आणि ज्याला वापरायचं त्याच्या दिवसात ते बसलं पाहिजे. क्लबफूटचं, म्हणजे जन्मतःच पाऊल आत वळलेलं बाळ घ्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ होतं. मग दांडीनं जोडलेले बूट, पहिले तीन महिने रोज २३ तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाऊल पुन्हा वाकडं होण्याचं मोठं कारण म्हणजे हे बूट न घालणं. लगेच आईला बोल लावतात. खांद्याएवढी रुंद दांडी पायात असलेलं बाळ कडेवर घेऊन दाखवा की मला!

बोलता न येणाऱ्या मुलांचे चित्रफलक राहिलेच. एवढंच सांगतो, फलकावर ‘पाणी हवं’ असतंच, ‘गप्प बस’ पण ठेवा.

दुसरी चिठ्ठी. हिच्यावर नुसतंच उद्गारचिन्ह आहे. थांबतो. खुर्ची करायची असेल तर बैठकीची खोली अशी घ्या: बुडाच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि दोन बोटं कमी करा. मागच्या टेबलावर पुठ्ठा, रद्दी आणि खळीची बादली ठेवली आहे. बाह्या वर करून या.