आधी लोखंड, मग प्लॅटिनम

आरतीच्या ताटातला कापूर पेटला की ज्योतीच्या टोकातून काळा धूर निघतो. त्या काजळीत असतो तो कार्बन. हाच कापूर हवेत न जाळता आरगॉन वायूत तापवला आणि जोडीला थोडं लोखंड दिलं, तर काजळीऐवजी कार्बनच्या नळ्या वाढतात, केसाहून हजारो पट बारीक.

आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून असा कार्बन बनवण्यावर काम केलं. पुढे जपानमधल्या नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी 2003 मध्ये कापरातून नळ्यांचं दाट रान उगवून दाखवलं.

लोखंड येतं फेरोसीन या नारिंगी भुकटीतून. कापूर आणि फेरोसीन, दोन्हींची थेट वाफ होते. ती वाफ क्वार्ट्झच्या नळीतून सुमारे 900 अंशांच्या भट्टीत शिरली, की लोखंडाचे नॅनोकण सुटे होतात. कार्बन त्यांच्यात मुरतो, मावेनासा झाला की भिंत बनून बाहेर पडतो. कण जेवढा मोठा, तेवढी नळी जाड.

नळ्या तयार झाल्या, की लोखंड नकोसं होतं. नायट्रिक आम्लात उकळून ते काढतात. सगळं निघत नाहीच; कार्बनच्या आवरणात अडकलेले कण तसेच राहतात. पण आम्ल आणखी एक काम करतं. नळीच्या गुळगुळीत भिंतीला धातू सहसा चिकटत नाही. आम्ल तिथे ऑक्सिजनचे गट बसवतं, आणि नव्या धातूला, म्हणजे प्लॅटिनमला, आधार मिळतो.

मग इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमधला द्रव. त्यात नळ्या आणि प्लॅटिनमचा क्षार घालून तापवायचं. ग्लायकॉलच क्षाराचा धातू करतं, आणि 2 ते 5 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण भिंतीवर बसतात.

एवढा खटाटोप इंधनघटासाठी, म्हणजे इंधन न जाळता त्यापासून थेट वीज बनवणाऱ्या साधनासाठी. त्यातल्या क्रियेला प्लॅटिनम वेग देतं. रासायनिक क्रिया फक्त पृष्ठभागावरच्या अणूंवर घडते, आतलं महाग प्लॅटिनम नुसतं पडून राहतं. कण 3 नॅनोमीटरचा असला, तर साधारण एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर येतात. नळी कणांना दूर ठेवते, शिवाय वीजही वाहून नेते.

खरी मेख आम्लातच आहे, असं मला वाटतं. जास्त उकळलं तर प्लॅटिनमला जागा भरपूर मिळते, पण भिंत फाटते, नळ्या तुटतात आणि वीज अडखळते. म्हणून काही प्रयोगशाळा आम्लाला बगल देऊन पायरीन या कार्बनी पदार्थाचे चपटे रेणू भिंतीला चिकटवतात आणि प्लॅटिनम त्यांच्यावर बसवतात. भिंत शाबूत राहते.