क्षितिज नसलेले आकाश

आपण पाहत आहात ते छायाचित्र प्रत्यक्षात जेमतेम तळहाताएवढे आहे. त्यात ढगांखेरीज काही नाही. झाड, डोंगर किंवा क्षितिज यांपैकी कशाचाही आधार नसल्यामुळे त्याची वरची बाजू कोणती हेही चटकन उमगत नाही. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या अमेरिकी छायाचित्रकाराने १९२२ पासून पुढील दशकभर अशी दोनशेहून अधिक छायाचित्रे घेतली, तीही मुख्यतः न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवराच्या काठी, आपल्या कुटुंबाच्या उन्हाळी घराच्या परिसरात.

१९२२ मध्ये त्यांनी साठीकडे वाटचाल सुरू केली होती. ज्या गॅलरीतून त्यांनी युरोपातील नवी कला अमेरिकेला दाखवली ती बंद पडली होती आणि आईचा अंतकाळ जवळ आला होता. त्यातच, त्यांच्या व्यक्तिचित्रांतील सामर्थ्य हे समोर बसलेल्या माणसावर त्यांनी टाकलेल्या मोहिनीतून येते, असे एका लेखकाने लिहिले. हे त्यांना बोचले. ज्याच्यावर कोणाचीच मोहिनी चालणार नाही असा विषय त्यांनी निवडला. ढग सर्वांचे आहेत आणि त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असे त्यांनी पुढच्या वर्षी एका लेखात मिस्कीलपणे नोंदवले. चाळीस वर्षांत आपण काय शिकलो, हेही त्यांना ताडून पाहायचे होते.

ढग टिपणे त्या काळी सोपे नव्हते. फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जुन्या काचांवरील रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई, त्यामुळे निळे आकाश आणि पांढरा ढग दोन्ही सारखेच पांढरे उमटत. या अडचणीवरची पहिली वाट, म्हणजे रसायनात रंगद्रव्य मिसळण्याची, १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी शोधली होती, आणि बर्लिनमध्ये स्टीग्लिट्झ यांनी छायाचित्रणाचे रसायनशास्त्र शिकले ते याच फोगेल यांच्याकडे. सुरुवातीचे ढग त्यांनी मोठ्या, अवजड कॅमेऱ्याने टिपले, त्यामुळे त्यांत टेकड्यांची कड दिसते. १९२३ पासून हातात धरता येणारा ग्राफ्लेक्स कॅमेरा थेट वर रोखता येऊ लागला आणि जमीन चौकटीबाहेर गेली. माझ्या मते या मालिकेतील खरे वळण हेच आहे, कारण जागेची खूण पुसली गेल्यावर पाहणाऱ्याला स्वतःच्या मनाकडे वळावेच लागते.

१९२५ पासून त्यांनी या छायाचित्रांना ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हटले, म्हणजे आपल्या सर्वांत खोल अनुभवांना समतुल्य अशी रूपे. हा दावा थोडा जपूनच घ्यावा. १९२९ पासून पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ, उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोला जाऊ लागल्या, आणि त्या सुमाराच्या काळवंडलेल्या आकाशाचा संबंध या दुराव्याशी जोडण्याचा मोह होतो; पण तसे केले की छायाचित्र चरित्रातील एका प्रकरणाची सजावट होऊन बसते.

त्यांच्या कामाची कदर लवकर करणाऱ्यांत आनंद कुमारस्वामी होते. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळणाऱ्या या अभ्यासकाच्या पुढाकाराने १९२४ मध्ये स्टीग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे तेथे दाखल झाली. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या कलासंग्रहालयाने छायाचित्राला चित्राच्या बरोबरीने जागा द्यावी, हे त्या काळी जवळजवळ अपूर्वच होते.

स्वतः स्टीग्लिट्झ यांनीही या आकाशाचा एकच अर्थ ठरवला नव्हता, कारण एकाच छायाचित्राच्या दोन प्रती ते कधी कधी वेगवेगळ्या दिशांनी फिरवून पुठ्ठ्यावर बसवत.