लग्नात पोरांना खरं काम द्या

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे घरोघरी पत्रिका यायला लागतात, आणि आईवडलांचं सुरू होतं, पोरांना न्यायचं की आजीकडे ठेवायचं? माझं म्हणणं आहे, न्या. पण नुसतं शेरवानी घालून, फोटोपुरतं उभं करायला नेऊ नका. काम द्या त्यांना. खरं काम, ज्याच्यावाचून अडेल असं.

आता तुम्ही म्हणाल एवढीशी पोरं काय करणार. अहो, आपल्या चाळीत, सोसायटीत तुळशीच्या लग्नाला अंतरपाट कोण धरतं? पोरंच ना? मंगलाष्टकं कुठे संपतात, 'सावधान'ला अक्षता कधी टाकायच्या, हे त्यांना तिथेच कळलेलं असतं, मग चुरमुरे आणि बोरं खायची घाई. म्हणजे तालीम झालेलीच आहे, खऱ्या लग्नात आपणच त्यांना मागच्या खुर्चीवर बसवून हातात मोबाईल देतो.

एक लग्न सांगते तुम्हाला. माझ्या चुलत नणंदेच्या मुलीचं, दादरला, स्टेशनजवळच्याच एका हॉलमध्ये, भर मे महिन्यात. मुलीचा सख्खा भाऊ मर्चंट नेव्हीत, त्याची बोट कुठेतरी लांब, सुट्टी मिळेना. मग लाजाहोमाला लाह्या कोण घालणार आणि कानपिळीला कान कोण पिळणार? घरात चार मोठे चुलतभाऊ होते, पण नवरी म्हणाली, माझा लालबागचा मामेभाऊच पाहिजे. तो चौथीतला! दर रविवारी तिच्याकडे गणित शिकायला यायचा, तेवढीच त्यांची दोस्ती. मोठी माणसं कुरकुरली, पण गुरुजी फार चांगले होते हो. आदल्या संध्याकाळी त्यांनी पोराला समोर बसवलं, सूप हातात दिलं, आणि सांगितलं, ताई ओंजळ धरेल, तू लाह्या घालायच्या, मग सरकायचं, धूर आला तर तोंड फिरवायचं पण सूप सोडायचं नाही. दोनदा करून घेतलं. बास.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त 12 वाजून 27 मिनिटांचा, म्हणजे होम सुरू व्हायला दीड वाजला. त्याच्या आईने एक हुशारी केली, बारा वाजताच भटारखान्यातून गरम वरणभात आणून त्याला भरवला, नाहीतर पोर भुकेनं तिथेच रडलं असतं. तर तो बसला सूप घेऊन. लाह्या बोटांना चिकटतायत, नवऱ्याने ओंजळीवर तूप सोडलं की ते ह्याच्या मनगटापर्यंत ओघळतंय, धुराने डोळे लाल, पण सूप सोडलं नाही. बरं, लाह्या किती घालायच्या तर एक चिमूट नाही, ओंजळ पूर्ण भरून, वर एकेक वेचून ठेवतोय, गुरुजी म्हणाले अरे पुरे, तर म्हणतो, खाली पडल्या त्या मोजायच्या नाहीत ना?

मग कानपिळी. नवरा चांगला उंच, पण खाली बसलेला, म्हणून ह्याला पुढे वाकावं लागलं. ह्याने कान धरला, पिळला, आणि सोडेचना. नवरदेवाने घड्याळ आणलं होतं द्यायला, बॉक्स पुढे केला, तरी सोडेना. सगळे हसतायत, व्हिडिओवाला जवळ आला. नवऱ्याने विचारलं, काय पाहिजे रे तुला? तर पोर म्हणतं, "रविवारी ताईला पाठवायचं. अपूर्णांक राहिलेत." हॉल एकदम शांत, आणि नवरीचे डोळे भरले, इतका वेळ ती रडली नव्हती. नवरा म्हणाला, पाठवतो, आणि तिला नाही जमलं तर मी येईन. तेव्हा सोडला कान. आणि तो आला बरं का, नंतर खरंच रविवारी डोंबिवलीहून लालबागला येऊन बसायचा, त्यावरून मला तो जावई फार आवडतो.

हे मी का सांगितलं? कारण त्या पोराला काम आधी सांगितलं होतं, करून घेतलं होतं, आणि पोट भरलेलं होतं. तीन गोष्टी. आधी सांगा, करून घ्या, आधी जेवू घाला.

मुलगी असेल तर करवली करा, नवरीच्या मागे कलश घेऊन उभं राहणं लहान काम नाही, पण भरलेला तांब्या तिच्या हाताला पेलतोय का ते घरीच बघा. थोडी मोठी पोरं असली की अक्षता वाटायला, दाराशी गुलाबपाणी आणि पेढे द्यायला, आजीआजोबांना पहिल्या पंगतीत नेऊन बसवायला. हो, पंगत! बुफेमध्ये पोराच्या हातात एवढी मोठी प्लेट देऊन रांगेत उभं करतात, मला ते अजिबात पटत नाही, पंगतीत बसून पोर मठ्ठा मागायला शिकतं, वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणायला शिकतं. अक्षतांचंही तसंच, तांदूळ पायाखाली तुडवण्यापेक्षा दादरच्या फूल मार्केटातून पाकळ्या आणा आणि मूठ मूठ पोरांकडून वाटून घ्या.

एखादं पोर ऐनवेळी नाही म्हणालं तर ओढू नका. स्टेजवर रडणाऱ्या मुलाला चिमटा काढून हसायला लावलेलं मी पाहिलंय, वाईट वाटतं. दुसरं कोणीतरी तयार ठेवा की झालं.

रिसेप्शनला मात्र कामं नकोत, संध्याकाळपर्यंत ती दमलेली असतात. त्यांना स्पीकरच्या भिंतीपासून लांब बसवा, लहान कानांना तो आवाज सोसत नाही, आणि उघड्यावर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद हा नियमच आहे, तो पाळा. एक चादर, पाण्याची बाटली, आणि पोरांजवळ बसायला एक मावशी किंवा आत्या आधीच ठरवून ठेवा. तिचं ताट मात्र कोणीतरी वेळेवर तिच्यापर्यंत नेऊन द्या, दर लग्नात तीच बाई उपाशी राहते.