रूळ उचलल्यानंतरची वाट

नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात एक छोटे इंजिन ज्या रुळांवर उभे आहे, त्या रुळांमधील अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी आम्ही ते हाताने मोजले, तेव्हा जेमतेम चार विती भरले. याच मापाच्या रुळांवरून नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी गाडी 2015 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि नागभीडची गाडी 2019 मध्ये. आमच्यापैकी काहींचे आजोळ सौसर-रामाकोन्याकडचे असल्यामुळे संत्र्यांच्या बागांमधून संथपणे चढत जाणारी ती छोटी लाइन त्यांच्या मनातून गेलेली नाही. रेल्वेच्या जुन्या वाटेवर सायकल चालवण्यासाठी आम्ही न्यूझीलंडपर्यंत गेलो, त्याचे मूळ या आठवणीत आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल क्लाइड या गावापासून मिडलमार्चपर्यंत 152 किलोमीटर जाते. या लोहमार्गाचे काम 1879 मध्ये सुरू झाले, परंतु तो क्लाइडला पोहोचायला 1907 साल उजाडले. पुढे मालवाहतूक रस्त्यावर गेली. क्लाइडच्या धरणाचे सामान वाहून नेण्याचे अखेरचे मोठे काम संपल्यावर 1990 मध्ये मार्ग बंद झाला आणि रूळ उचलले गेले. तेथील निसर्ग संवर्धन खात्याने 1993 मध्ये ही जागा ताब्यात घेतली, पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे बसवले, भरावावर बारीक खडी दाबून बसवली, आणि 2000 साली संपूर्ण वाट सायकलस्वारांसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली.

आम्ही जानेवारीत निघालो. नागपुरात ते हुरड्याचे दिवस असतात. तिथे मात्र भर उन्हाळा होता, आणि क्लाइडजवळच्या उतारांवर रानटी ओव्याच्या जातीची सुगंधी झुडपे उन्हाने तापून दरवळत होती.

सरावासाठी आम्ही रामटेकचा रस्ता आणि सेमिनरी हिल्सचा चढ निवडला होता. त्या चढाने लावलेली सवय, म्हणजे चढ दिसताच जोर लावायचा, इथे पहिल्याच दिवशी सोडावी लागली. चॅटो क्रीकनंतर टायगर हिलचा चढ लागतो आणि तो या मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ मानला जातो. तरीही तो पन्नास मीटर अंतराला एक मीटर एवढाच आहे. गाडी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ जड जात असल्यामुळे बांधणाऱ्यांनी टेकडीला वळसे घातले, कुठे डोंगर कापला, कुठे भराव टाकला. डोळ्यांना वाट सपाट दिसते, पण श्वास वाढलेला असतो आणि गिअर आपोआप खाली आलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी मजुरांनी फावड्या-कुदळीने बसवलेला तो उतार अशा वेळी आपल्या गुडघ्यांना कळतो, आणि त्या अनामिक हातांविषयी मन आदराने भरून येते.

पूलबर्नच्या दरीत वाट दोन बोगद्यांतून आणि 37 मीटर उंचीच्या पुलावरून जाते. बोगद्यात दिवे नाहीत. आम्ही सायकलींवरून उतरून विजेऱ्या काढल्या, आणि मध्यावर पोहोचल्यावर क्षणभर त्या विझवल्या. तळहात भिंतीवर टेकवला तेव्हा बाहेरच्या रणरणत्या उन्हाचा मागमूस नव्हता. दगड माठाच्या पोटासारखा गार होता, आणि ऐकू येत होता तो केवळ चाकांखाली खडीचा कुरकुर आवाज.

ओटुरेहुआ आणि वेडरबर्न या गावांच्या मध्ये वाट 618 मीटर उंचीवर पोहोचते. नागपूरच्या उंचीच्या ही साधारण दुप्पट. येथे थांबून आम्ही हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की छिंदवाडा साडेसहाशे मीटरांहून उंच आहे आणि आपली अडीच फुटी गाडी सातपुड्याची ती चढण रोज चढत होती. वेडरबर्नजवळच वाट 45 अंश दक्षिण अक्षांश ओलांडते.

पुढे रॅनफर्लीच्या पठारावर समोरून वारा आला आणि दिवसभर कोणी फारसे बोलले नाही. हाइडजवळच्या स्मारकापाशी मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो. 4 जून 1943 रोजी येथील खोलगट वळणावर प्रवासी गाडी रुळांवरून घसरली आणि 21 जण मृत्युमुखी पडले. वाट जिच्या अंगावरून जाते, ती रेल्वे लोकांच्या आयुष्यातील किती गोष्टी घेऊन गेली, याची जाणीव त्या दगडांपाशी होते.

रुंदीकरणाला आमचा विरोध नाही. सावनेर, उमरेड, भिवापूरच्या लोकांना वेगवान गाडी मिळायलाच हवी. परंतु मोठ्या मार्गासाठी जुनी तीव्र वळणे सरळ केली जातात, तेव्हा जुन्या भरावाचे तुकडे बाजूला पडतात. ते नांगरले जाण्यापूर्वी त्यांतील पाच-दहा किलोमीटर जरी सायकलींसाठी राखले गेले, तर आमच्या मुलांना छोट्या लाइनचा चढ पायांनी कळेल, ही आमची मनापासूनची मागणी आहे.

मिडलमार्चला खडीची वाट संपते आणि तेथून डनेडिनकडे जाणारे रूळ अजून जागेवर आहेत. सायकली कुंपणाला टेकवून आम्ही खाली बसलो आणि मोतीबागेत मोजले होते तसेच मोजले. पाच विती भरल्या, आणि वर चार बोटे.