इम्प्लांटभोवती रक्त येतंय? दुखायची वाट बघू नका

(कोथरूडला ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. मघाशी चहाच्या वेळी एक काका म्हणाले, डॉक्टर, स्क्रूच्या दाताला कीड लागत नाही ना, मग आता त्याची कसली काळजी? कीड लागत नाही हे खरंय काका, इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप, टायटॅनियमला कुठली कीड, पण त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच आहे ना, इन्फेक्शन होतं ते तिथे.

टायटॅनियमला हाड घट्ट धरून बसतं हे स्वीडनचे संशोधक डॉ. ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ साली पहिल्या पेशंटला असे दात बसवले. पण खऱ्या दाताला हिरडीचे धागे मुळात रुतलेले असतात, इम्प्लांटला ते रुतत नाहीत, नुसते बाजूने जातात, त्यामुळे जंतूंना खाली उतरायला वाट सोपी मिळते.

याचे दोन टप्पे आहेत. आधी फक्त हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं, हाड शाबूत असतं, याला म्युकोसायटिस म्हणतात आणि हे चिरफाड न करता बरं होऊ शकतं. पुढे गेलं की हाड झिजायला लागतं, तो पेरिइम्प्लांटायटिस. आणि बऱ्याचदा दोन्हीत दुखत नाही हो! म्हणूनच लोक उशिरा येतात.

सिंहगड रोडच्या एक आजी आल्या होत्या, खालच्या दाढेला इम्प्लांट, भोवती नुसती कीट साचलेली. म्हटलं आजी, इथे ब्रश फिरवत नाही का? तर म्हणाल्या, अगं एवढे पैसे घालून बसवलाय, रक्त यायला लागलं तर वाटलं हलेल बिलेल, म्हणून तिथे हातच लावत नाही. मला फार वाईट वाटलं, कारण ब्रश बंद केल्यामुळेच ते वाढलं होतं आणि त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांची कॅप चिकटवलेली नव्हती, स्क्रूने बसवलेली होती, म्हणून काढता आली, खालून सगळं साफ केलं, बारीक पावडरचा फवारा मारला, आणि आरशासमोर बसवून इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, कसा घालायचा ते त्यांच्याच हातानी करून घेतलं. अडीच महिन्यांनी रक्त थांबलेलं होतं.

तर बिनऑपरेशनचा उपचार म्हणजे मुख्यतः हेच, जंतूंचा थर नीट काढणं. इम्प्लांटला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यासाठी प्लास्टिकची, कार्बन फायबरची नाहीतर टायटॅनियमची अवजारं वापरतात. कॅप चिकटवलेली असेल तर हिरडीखाली राहिलेलं सिमेंट शोधावं लागतं, तेसुद्धा मोठं कारण असतं. कधी कॅपचा आकारच असा फुगीर असतो की ब्रश आत जातच नाही, मग पेशंटला बोल लावण्यात काय अर्थ, कॅप बदलायला हवी.

आता गोळ्या. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतात, सूज उतरते, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. जंतू थर करून चिकटलेले असतात, तो थर खरवडल्याशिवाय गोळी काय करणार? २०२३ च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही या साफसफाईच्या उपचाराबरोबर पोटातून अँटिबायोटिक सरसकट देऊ नका असंच म्हटलंय.

हाड बरंच गेलं असेल, आटे उघडे पडले असतील, तर नुसत्या साफसफाईनी भागत नाही, सर्जरी लागू शकते, हे मी स्पष्टच सांगते. तरी सुरुवात साफसफाईनीच करायची आणि सहा ते बारा आठवड्यांनी परत तपासून ठरवायचं. शुगर वाढलेली असेल, सिगारेट चालू असेल तर बरं व्हायला जड जातं. मिश्री लावत असाल तर तीही सोडा, तो तंबाखूच आहे.

तपासणीला सहा महिन्यांच्या आत याच, हिरडीचा त्रास आधी होऊन गेला असेल तर तीन-चार महिन्यांनी. आणि एक कराल का, कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे क्लिनिकमधून मागून फाइलला लावून ठेवा, कारण तो नसला की हाड आत्ता उतरलंय का पहिल्यापासून तेवढंच होतं हे सांगणं आम्हाला फार अवघड जातं.