पिशवीच औषध

जुन्या पोथीत अक्षर चुकलं, की लेखनिक त्यावर पिवळा हरताळ फासत. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. त्याचा भाऊबंद सोमल, तोही आर्सेनिकचाच. आपल्याकडे त्याची मोठी ओळख म्हणजे जहर. पण १९७०च्या दशकात चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी याच सोमलाने रक्ताच्या एका कर्करोगावर उपचार सुरू केले, आणि २००० साली अमेरिकेनेही त्या औषधाला मान्यता दिली.

अडचण अशी, की रक्तात गेलेला सोमल साऱ्या शरीरात फिरतो.

ग्रीसमधलं पात्रास विद्यापीठ. इथे सोफिया अँटिमिसियारिस आणि पानायोटिस इओआनू यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. पेशीचं आवरण ज्या स्निग्ध रेणूंचं असतं, त्यांच्या डोक्यावर फॉस्फरस बसलेला असतो. आवर्तसारणीत त्याच्या बरोबर खालच्या घरात आर्सेनिक. त्यांनी डोक्यावर आर्सेनिक बसवलेले रेणू घेतले आणि त्यांच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे लायपोसोम, तयार केले. एरवी लायपोसोमच्या पोटात औषध भरतात. इथे पिशवीची भिंतच औषध आहे. म्हणून ती भिंत कशी आहे, यावर सगळं अवलंबून.

हा गोल बुडाचा फ्लास्क बघा. आर्सेनिकचे रेणू, लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या द्रावकात विरघळवले आहेत. फ्लास्क गरगर फिरतोय, द्रावक उडून जातंय, आणि भांड्याला तेलाचा हात फिरवावा तसा पातळ थर काचेला धरतोय. द्रावकाचा मागमूसही उरू नये म्हणून फ्लास्क निर्वात पंपाला जोडून ठेवतात. मग गरम बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. तोही रेणूंचा थर सैल पडेल इतका गरम हवा, नाहीतर तो काचेला चिकटूनच राहतो. हलवलं, की पाणी दुधाळ होतं. कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या पिशव्या सुटल्या! आता अतिध्वनीची सळई आत सोडायची. बघता बघता दुधाळपणा विरतो, किंचित निळसर झाक येते. पिशव्या आता शंभरेक नॅनोमीटरच्या झाल्या. केसाच्या जाडीत अशा शेकडो एका ओळीत मावतील. सळईचे झडलेले टायटॅनियमचे कण मात्र सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढावेच लागतात.

आकार लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून कळतो, पृष्ठभागावरचा ऋण भार वेगळ्या यंत्रात मोजतात. पण मला सगळ्यांत खरी वाटते ती गळतीची परीक्षा. पिशवीत कॅल्सीन नावाचा रंग दाटीवाटीने कोंडतात. दाटीत तो चमकत नाही. भिंत झिरपली, रंग बाहेरच्या पाण्यात पसरला, की हिरवा उजळतो. शेवटी डिटर्जंट टाकून सगळ्या पिशव्या फोडायच्या. आधीची चमक आणि ही पूर्ण चमक यांच्या तुलनेवरून किती गळलं ते कळतं.

ऋण भाराची आणखी एक काळजी असते. कॅल्शियम भेटलं, की अशा पिशव्या एकमेकींना चिकटू लागतात. रक्तात तर कॅल्शियम असतंच. म्हणून काही पिशव्यांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लांब रेणूचे धागे लावले गेले, म्हणजे त्या एकमेकींपासून दूर राहतील.

प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी या पिशव्यांपुढे मेल्या. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी तेवढ्याच मात्रेत बऱ्याच तगल्या. औषधाच्या दुकानात हे अजून आलेलं नाही. त्याच्या कितीतरी आधीची पायरी ही इथे आहे: सदतीस अंशांवर ठेवलेली सीरमची, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाची, नळी, थोड्या थोड्या वेळाने काढलेला एक थेंब, आणि तो हिरवा उजळला का, हे बघणारे डोळे.