रस्ता झाला नसता तर?

(दृश्य: माळरानातून वस्तीकडे जाणारा डांबरी रस्ता)

निवेदन:

डिसेंबर 2000. भारतात प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्या जोडायच्या, आणि क्रम लोकसंख्येप्रमाणे लावायचा. आधी 1000 च्या वरच्या वस्त्या, मग 500 च्या वरच्या. नियम कामाच्या सोयीसाठी केलेला. पण त्यातून योजनेचा खरा परिणाम मोजण्याची एक फार मोलाची संधी हाती आली.

समजा, एका गावात 1010 माणसं आहेत आणि दुसऱ्यात 990. पहिल्याला रस्ता लवकर मिळतो, दुसरं वाट बघत राहतं. बाकी सगळ्या बाबतींत दोन्ही गावं जवळपास सारखीच. मग पहिल्या गावात रस्ता झाला नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर दुसऱ्या गावात सापडतं.

सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाड या अर्थतज्ज्ञांनी हेच केलं. लोकसंख्येच्या या उंबरठ्याच्या अलीकडची आणि पलीकडची हजारो गावं त्यांनी ताडून पाहिली. त्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. रस्ता आल्यावर गावात वाहनांची ये-जा वाढली. माणसं शेतीतून बाहेर पडून मजुरीच्या कामाला जाऊ लागली. पण शेती फारशी बदलली नाही. घरातलं उत्पन्न आणि मालमत्ताही जवळपास होती तिथेच राहिली.

मग रस्ते वाया गेले का? अजिबात नाही. याच दोघांनी अंजली अदुकिया यांच्यासोबत शाळांचे आकडे तपासले, तेव्हा रस्ता पोहोचलेल्या गावांत प्राथमिकच्या पुढच्या वर्गांतली पटसंख्या वाढलेली दिसली. परीक्षेतली कामगिरीही सुधारली होती. लाभ झाला होता, फक्त आपण शोधत होतो तिथे नव्हता. गावाचं उत्पन्न वाढवायचं असेल, तर रस्त्याच्या जोडीला आणखी काही द्यावं लागेल, हे या आकड्यांनी दाखवलं.

आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंची गावं ताडणारा तो पहिला अभ्यास सगळ्या देशाच्या आकड्यांवर उभा नाही. लोकसंख्येचा क्रम जिथे खरोखर पाळला गेला, त्याच राज्यांच्या आकड्यांवर तो उभा आहे. त्यांत महाराष्ट्र आहे. जिथे क्रम मोडला, तिथे गावांवर अन्याय झालाच, शिवाय योजनेतून शिकण्याची संधीही गेली.

(दृश्य: नदीवरचं धरण, वीजवाहिन्यांचे मनोरे)

आता अमेरिका, 1933. टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणं, वीज आणि रस्ते यांवर सरकारने प्रचंड पैसा ओतला. खोरं बदललं, हे डोळ्यांना दिसतं. पण त्या काळात बाकीचा देशही बदलत होता. पॅट क्लाइन आणि एन्रिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांनी तुलनेसाठी असे प्रदेश घेतले, जिथे याच धर्तीचे प्रकल्प सुचवले गेले होते, पण कधी मंजूर झाले नाहीत. शेतीत वाढलेला रोजगार मदत थांबल्यावर ओसरला. कारखान्यांतला रोजगार मात्र पुढेही वाढत राहिला. एवढ्यावर थांबलो असतो तर ही निखळ यशोगाथा ठरली असती. पण खोऱ्यात उद्योग एकवटल्यामुळे जो जास्तीचा फायदा झाला, तितकंच नुकसान देशात इतरत्र झालं असावं, असा त्यांचा हिशेब निघाला.

प्रादेशिक विकासातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. नवा रोजगार निर्माण झाला, की शेजारून उचलून आणला? ब्रिटनमध्ये 1981 पासून करसवलतीचे विशेष विभाग उभे राहिले. तिथे आलेल्यांत जवळपासच्याच भागांतून हललेले उद्योग बरेच होते. विभागापुरते आकडे मोजले, तर हे कधीच कळत नाही.

(दृश्य: कारखान्याचं फाटक, पाळी बदलण्याची वेळ)

आणखी एक फसगत 'आधी आणि नंतर' या तुलनेत असते. मदतीसाठी निवडले जातात ते सगळ्यात वाईट वर्षातून जाणारे प्रदेश. दुष्काळ सरतो, मंदी ओसरते, आणि प्रदेश आपोआप थोडा सावरतो. श्रेय योजनेला जातं.

युरोपीय संघात दरडोई उत्पन्न सरासरीच्या 75 टक्क्यांखाली असलेल्या प्रदेशांना मोठा निधी मिळतो. अर्थतज्ज्ञ साशा बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की त्या पैशातून वेगवान वाढ साधली ती सुमारे 30 टक्के प्रदेशांनीच. मनुष्यबळ शिकलेलं आणि कारभार बऱ्यापैकी चांगला, असे हे प्रदेश. यावरून उरलेल्यांचा निधी तोडा म्हणणं सोपं आहे. मला ते साफ चूक वाटतं. तिथे पैसा आधी शिक्षणावर आणि कारभार सुधारण्यावर लागायला हवा.

योजनेचा खरा परिणाम मोजायचा, तर त्याची तयारी कोनशिला बसण्याआधीच करावी लागते. पाहणी आधी, निवडीचे निकष उघड, कामं टप्प्याटप्प्याने, आकडे सर्वांना खुले. मूल्यमापन करणारा माणूस योजना राबवणाऱ्याच्या हाताखालचा नको. आणि त्याचा अहवाल पुढच्या टप्प्याचा निधी ठरण्याआधी टेबलावर हवा, निष्कर्ष गैरसोयीचा असला तरीही.